लाख घाव खाल्लेला खल

होय मित्रांनो, मी एक जुना खल आहे. काळ्या दगडाचा आहे, काठाला टवका उडालेला आहे, आणि तळ घासून घासून इतका खोल गेला आहे की पहिल्यापेक्षा आता पावशेर पाणी जास्त मावतं. माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणतंच, "आता याचं काय काम?" म्हणू देत! मी कुणाकडे कीव मागायला बोलत नाही. माझा टवका कुणी पाडला आणि त्यानंतर काय झालं, ते मी सांगणार आहे, आणि चांगलं मान ताठ ठेवून सांगणार आहे. खलाला मान नसते, हे मलाही ठाऊक आहे. तरीसुद्धा.

माझा जन्म गर्भगिरीच्या डोंगरातला. पाथरवटानं दोन दगड शेजारी मांडले आणि दोघांवर छिन्नी चालवली. शेजारचा तिसऱ्याच घावाला दुभंगला, त्याची कुणाच्या तरी दारापुढची पायरी झाली. मी टिकलो, म्हणून खल झालो. मढीच्या जत्रेत मला विकायला मांडलं, तिथं रंगनाथ वैद्य आले. त्यांनी बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवून पाहिलं. मग माझ्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि शेजारी विडी ओढत बसले. विडी संपली तरी पाणी तेवढंच. "पीत न्हाई गडी," ते म्हणाले, आणि जत्रेतल्या एका गाढवाच्या पाठीवर बसून मी पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्या घरी आलो. माझी अशी वरात निघाली, याची मला कधीच लाज वाटली नाही.

रंगनाथ वैद्य शेतीही करत आणि औषधही देत. त्यांची नावाजलेली गोळी होती गुग्गुळाची. गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झाडाचा चीक, वाळून खडा झालेला. तो नगरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून यायचा. त्यातल्या काड्या-खडे निवडायचे, फडक्यात बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवायचा, गाळायचा, वाळवायचा, आणि मग सुंठ, मिरी, पिंपळीची पूड घालून माझ्यात कुटायचा. किती कुटायचा? लाख घाव! एका खेपेला लाख, एक कमी नाही, असा वैद्यांचा नेम होता. हजार घाव झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवायचा. शंभर चिंचोके सरकले की गुग्गुळ मेणासारखा मऊ होई, आणि मग गोळ्या वळायच्या. ही गोळी गुडघे धरले तर देत, आणि अंगात मेद, म्हणजे चरबी, वाढली तरी देत. आता आमच्या गावात गुडघे धरलेली माणसं घरोघर होती. चरबी वाढलेला माणूस मात्र दाखवायला म्हणूनसुद्धा सापडला नसता.

वैद्यांचे हात म्हातारपणी कापायला लागले, तेव्हा बत्ता त्यांच्या थोरल्या सुनेच्या हातात आला. तिचं नाव मुक्ताबाई. तिचा नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला होता. सासऱ्यानं सुनेला जवळ बसवून झाडपाला ओळखायला शिकवलं, नाडीवर बोटं ठेवायला शिकवलं, आणि मरताना एवढंच सांगितलं, "मुक्ता, घाव चुकवू नको." तिनं चुकवले नाहीत. मी सांगतो ना, मी खाल्लेत ते सगळे!

पण वैद्य गेले आणि लोकांची तोंडं सुटली. "बाईच्या हातची गोळी, तिला काय गुण येणार?" कालपर्यंत त्याच हातची गोळी वैद्यांच्या नावावर सुखानं गिळत होते हेच लोक. मला असा संताप यायचा! सगळ्यात मोठं तोंड होतं घरातच, मुक्ताबाईच्या धाकट्या दिराचं, कारभारीचं. आपल्या म्हाताऱ्या आईलाही तो वहिनीच्या हातची गोळी घेऊ देत नसे. तो ऊसतोडणी टोळीचा मुकादम होता. दर दसऱ्याला टोळी घेऊन श्रीरामपूरकडे जायचा आणि उन्हाळ्यात परतायचा.

"वैनी," तो म्हणायचा, "एक कोयता कमी पडतोय टोळीत. धोंड्यावर बत्ता आपटून कुनाचं पोट भरलंय? चला उसाला."

"मला ह्येच येतं, भावजी. आन ह्येच मी करनार."

"येतं म्हनं! गिऱ्हाईक तरी येतंय का दारात?"

मला धोंडा म्हणाला तो. लक्षात ठेवा.

बहात्तर सालच्या चैत्रात मात्र दारात गिऱ्हाईक आलं, आणि तेही जीपमधून. श्रीरामपूरकडचे बागाईतदार आप्पासाहेब. कारभारीची टोळी यांच्याच उसात राबायची. आप्पासाहेब उतरले तशी जीप वीतभर वर आली, एवढं वजन. आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. नगरच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त पुण्याला पाठवून तपासलं होतं, आणि रक्तातल्या चरबीचा आकडा तीनशे वीस निघाला होता. तूप, साय, लोणी बंद करा, चालत जा, नाहीतर एक दिवस छातीत कळ येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पासाहेबांचे वडील असेच उसाच्या बांधावर बसल्या बसल्या गेले होते. त्यामुळे माणूस घाबरला होता, फक्त दाखवत नव्हता.

त्यांना घेऊन आला होता कारभारीच. उसाच्या फडात गप्पा मारता मारता, आमच्या घरात चरबीचं औषध आहे, अशी फुशारकी तो मारून बसला होता. आता निस्तरायची पाळी आली, तेव्हा त्यानं वहिनीला आत बोलावून सांगितलं, "आप्पासाहेबांस्नी गुन आला तर तुमी खुशाल हितं बसून कुटा, मी चकार शब्द काढनार न्हाई. पन न्हाई आला, तर माझं तोंड काळं व्हनार, टोळीचं काम जानार. मग दसऱ्याला गपगुमान कोयता उचलायचा. कबूल?"

"कबूल," मुक्ताबाई म्हणाली. मीही मनात म्हणालो, कबूल.

आप्पासाहेबांच्या पत्नी पुष्पावतीबाई कुटणं बघायला मुद्दाम थांबल्या. भल्या बाई होत्या. नवऱ्यावर जीव असा की, तो शिंकला तरी यांच्या डोळ्यांत पाणी. दिवसभर त्या माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. गुग्गुळ भारी चिकट, बत्त्याला धरून बसतो. म्हणून मुक्ताबाई मधूनमधून वाटीत बोट बुडवून बत्त्याला तुपाचा हात लावत होती.

"तूप लागतंच का हो?" पुष्पावतीबाईंनी विचारलं.

"तर! तुपाबिगर ह्ये औषध जमतच न्हाई बाई," मुक्ताबाई म्हणाली.

पुष्पावतीबाईंनी मान डोलावली. इथं काय पेरलं गेलं, ते मुक्ताबाईला कळलं नाही, कारभारीला कळलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही कळलं नाही. गोळ्या तयार झाल्यावर कागदाच्या पुड्या बांधून मुक्ताबाईनं त्यांना पोचत्या केल्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असं सांगून पाठवलं.

त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ संपत आला. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मुक्ताबाईही जायची. आधी तिथं हातोडा, मग घरी येऊन बत्ता. तिच्या हाताला घट्टे पडून फुटले. तरी पुढच्या पुड्यांसाठी तिचे लाख घाव चालूच होते. वाटीतलं तूप तेवढं तिनं कसं मिळवलं, तिचं तिला माहीत. स्वतःच्या भाकरीला तिनं ते कधी लावलं नाही.

आणि एका दुपारी जीप आली.

आप्पासाहेब उतरले, पायऱ्या न चढता खालूनच ओरडले, "ओ बाई! हे काय औषध दिलं का विष? तीनशे वीसचे तीनशे साठ झाले!"

हातातल्या उरलेल्या पुड्या त्यांनी ओट्यावर फेकल्या. त्यातली एक माझ्या पोटात येऊन पडली. मागे पुष्पावतीबाई पदर तोंडाला लावून उभ्या. कारभारी घरातून धावत आला, आणि आप्पासाहेबांचा चेहरा बघून त्याची पाचावर धारण बसली.

"तरी मी सांगत हुतो! बाईच्या हातची गोळी! घाव कमी मारले आसतील, न्हाईतर खलातच खोट हाय. आप्पासाहेब, तुमच्यादेखत ह्यो धोंडा भाईर फेकतो बघा!"

त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं. मी काय हलका आहे? दीड मण भरतो. दोन पावलं तो कसाबसा चालला आणि त्याच्या हातातून मी सुटलो. पायरीवर आपटलो, आणि माझ्या काठाचा टवका उडून अंगणात पडला. मित्रांनो, दगडाला दुखत नाही असं तुम्हांला कुणी सांगितलं असेल, तर ते साफ खोटं आहे.

"भावजी!" मुक्ताबाई अशी कडाडली की कोंबड्या पळाल्या. "खबरदार खलाला हात लावाल तर! मामांचा हात हाय त्याच्यावर. शंभर चिंचोके मोजलेत मी, एकबी कमी न्हाई. खोट माझ्यात न्हाई आन माझ्या खलातबी न्हाई!"

"मग आकडा वाढला कसा?" आप्पासाहेब गरजले.

मुक्ताबाई उत्तर द्यायला वळली आणि थबकली. मी आडवा पडलो होतो, आणि माझ्या पोटातली पुडी घरंगळून तिच्या पायाशी आली होती. तिनं ती उचलली. कागद आरपार तेलकट झालेला. तिनं नाकाशी नेला, तर साजूक तुपाचा वास.

"बाई," ती पुष्पावतीबाईंना हळूच म्हणाली, "गोळी कशासंगं देता तुमी?"

"कशासंगं म्हणजे? तुपासंगं." पुष्पावतीबाईंनी डोळे पुसले. "वाटीभर साजूक तूप कोमट करते, त्यात दोन गोळ्या सोडते, विरघळल्या की प्यायला देते. दोन्ही वेळा. एक दिवस चुकले नाही हो मी!"

"आन डॉक्टरांनी तूप बंद केलंय न्हवं?"

"जेवणातलं केलंय. एक थेंब घालत नाही भाताला. पण हे तर औषधातलं! तुम्हीच म्हणालात ना, तुपाबिगर हे औषध जमत नाही?"

आप्पासाहेब बायकोकडे बघत राहिले. तीन महिने, दोन वेळा, वाटीभर तूप! त्यात माझी बिचारी गोळी काय करणार? बुडून मेली असेल.

मला वाटलं, आता मुक्ताबाई पुष्पावतीबाईंना फाडून खाणार. पण ती मटकन पायरीवर बसली, माझ्या शेजारीच.

"चुकी माजी हाय," ती म्हणाली. "गोळी गरम पान्यासंगं घ्यायची, ह्ये मी सांगितलंच न्हाई. मामांनीबी कधी कुनाला सांगितलं न्हाई. आमच्या गावात सांगावं लागतच न्हाई, बाई. पान्याबिगर दुसरं हाय काय कुनाच्या घरात? तूप वाटीनं पितात, ह्ये आमाला ठावंच न्हवतं."

हे ती रडत म्हणाली नाही, मित्रांनो. थेट आप्पासाहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. त्यांनी नजर काढून घेतली, ती समोरच्या रस्त्यावर गेली. तिथं माणसं रांगेनं बसून खडी फोडत होती. त्यांतली निम्मी यांच्या उसात राबून आलेली.

"बरं, मग आता द्या नवीन गोळ्या," ते जरा नरमून म्हणाले. "पाण्यासंगं घेतो."

"न्हाई."

"नाही? म्हणजे?"

"गुग्गुळ शिजवून देते. कुटायचा तुमी. दर सोमवारी हितं यायचं, जीप मारुतीपाशी ठेवायची, तिथनं चालत यायचं आन ह्या खलाफुडं बसून घाव घालायचे."

"मी? मी कुटू?" आप्पासाहेबांचा आवाजच चिरकला. कारभारी तर डोळे मिटून उभा राहिला.

"चरबी तुमची, हात माजे! किती दिस चालायचं ह्ये?"

मी पडल्या जागी असा खूश झालो, काय सांगू! आप्पासाहेब तरातरा जीपकडे निघाले. तेवढ्यात इतका वेळ रडणाऱ्या पुष्पावतीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी जीपच्या दारालाच पाठ लावली.

"मामंजी बांधावर बसल्या बसल्या गेले, ते मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं तसं मला बघायचं नाही. कुटा गुमान."

आणि आप्पासाहेब कबूल झाले. डॉक्टरांना विचारून या, असं मुक्ताबाईनं बजावलं होतं. डॉक्टर खूप हसले म्हणे, आणि म्हणाले, "कुटा की, पण हळूहळू वाढवा."

पहिल्या सोमवारी दोनशे घावांत त्यांची दमछाक झाली. घाव कसले, नुसती चापटपोळी. बत्ता एकदा माझ्या काठावर, एकदा स्वतःच्या अंगठ्यावर. गावातली पोरंटोरं कुंपणावर चढून मोजायची. पुढच्या सोमवारी चारशे, मग सहाशे. घामानं सदरा भिजायचा. कुटून झालं की मुक्ताबाई त्यांना हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि भाकरी द्यायची, वर काही नाही. आधी तोंड वाकडं केलं, मग दुसऱ्यांदा मागून घेतलं. भाद्रपदापर्यंत बत्ता बरोबर माझ्या मधोमध पडायला लागला. एक चिंचोका त्यांनी स्वतः सरकवला, त्या दिवशी त्यांचा चेहरा बघायला हवा होता! बाकीचे नव्व्याण्णव मुक्ताबाईनंच सरकवले, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर उद्या तेही त्यांच्या नावावर जातील.

नवरात्रात पुण्याहून कागद आला. दोनशे चाळीस.

डॉक्टर म्हणाले, तूप सुटलं म्हणून उतरलं, आता तपासत राहा. आप्पासाहेब म्हणाले, चाललो म्हणून उतरलं. पुष्पावतीबाई म्हणाल्या, माझ्या नवसानं. कारभारी म्हणाला, मी वैद्य दाखवला म्हणून. म्हणा बाबांनो, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा! आप्पासाहेबांना माझ्यापुढं आणून बसवलं मुक्ताबाईनं, एवढं मला ठाऊक आहे.

आप्पासाहेब खुशीत होते. म्हणाले, "मुक्ताबाई, हा फुटका खल मला द्या. बंगल्याच्या व्हरांड्यात मांडतो, आल्यागेल्याला दाखवतो. तुम्हांला गोळ्यांचं यंत्र आणून देतो."

"यंत्र आना, न्हाई म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पन खल न्हाई द्यायची मी. बसून खायाची सवय न्हाई त्याला."

मग खंडेनवमी आली. या दिवशी ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं हत्यार धुऊन पुजायचं. कारभारीनं ओट्यावर घोंगडी अंथरून टोळीचे कोयते ओळीनं मांडले. शेवटी एक नवाकोरा कोयता होता. पाऊस नव्हता, गाव रिकामं होत चाललं होतं, टोळीत माणूस हवंच होतं. कबुली विसरल्यासारखं करून त्यानं वहिनीच्या नावाचा कोयता मांडला होता.

मुक्ताबाई बाहेर आली. तिनं तो कोयता उचलला, शांतपणे कारभारीच्या हातात दिला, आणि घरात गेली. मला तिनं एकटीनं उचलून आणलं. दीड मणाचा मी, पण लाख घाव घातलेल्या हातांना काय जड! कोयत्यांच्या ओळीत, त्या रिकाम्या जागी, तिनं मला ठेवलं. बत्ता शेजारी आडवा ठेवला.

"माजं हत्यार ह्ये, भावजी. पुजा."

कारभारीनं हातातला कोयता बाजूला ठेवला आणि हळदीकुंकवाचं ताट उचललं. मग खाली वाकला. माझ्या काठावर हळद लावली, कुंकू लावलं, आणि त्याचं बोट त्या टवक्यापाशी आलं. तिथं ते थांबलं. उरलेलं कुंकू त्यानं सगळं त्या टवक्यातच भरलं.

"वैनी," तो म्हणाला, "माज्या आईचे गुडघे लई धरलेत. टोळी निघायच्या आधी चार पुड्या बांधून द्याल का?"

"देते की. माज्या सासूबाईच हायेत त्या," मुक्ताबाई म्हणाली. "पन आज न्हाई. आज हत्यार हलवायचं नसतं."

तर मित्रांनो, माझी विनवणी नाही, मागणं आहे. तुमच्या घरी असा एखादा जुना खल, वरवंटा, पाटा असेल, तर त्याला व्हरांड्यात मांडू नका आणि परसात पालथा घालून त्याच्यावर धुणंही आपटू नका. त्याच्याकडून काम घ्या, आणि काम झालं की पुसून ठेवा. आमची खरी काळजी तीच. ज्या हातानं आम्ही झिजलो, त्या हाताच्या पुडीवर दुसऱ्याचं नाव पडू देऊ नका. आणि औषध देणार असाल, तर समोरच्याच्या घरात काय शिजतं ते आधी विचारा. घेणार असाल, तर कशासंगं घ्यायचं ते विचारा.

गोळी गरम पाण्यासंगं घ्यायची. हे सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून माझा टवका उडाला. आता मी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतो.